दादाचं नाव गावच्या यादीत

आमच्या घरात फॉर्म भरायचं खातं माझ्याकडे आहे. दुसरं कुठलंच काम मला जमत नाही हे लहानपणीच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. नारळावर चढलो, तर मला उतरवायला दुसरा माणूस चढवावा लागला. केळीचं लोंगर उतरवायला गेलो, तर विळा माझ्याच पायावर पडला. "ह्याला कागदावर बसवा," असं वडील म्हणाले आणि तेव्हापासून मी कागदावरच बसलोय. रेशनकार्डात नाव चढवणं, आधारवरची जन्मतारीख सरळ करणं, आईच्या मोतीबिंदूचा विमा, पुतणीचं शाळेचं ॲडमिशन, सगळं मी. आमच्या अख्ख्या खानदानाचे ओटीपी माझ्या मोबाईलवर येतात. माझ्या बायकोच्या मते खानदानात माझी किंमत तेवढ्यापुरतीच आहे.

आमचं मूळ घर गिरीजच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. थोडी केळी, थोडे नारळ, एक विहीर आणि आई. आई तिथून हलायला तयार नाही. मी बोळिंजला सातव्या मजल्यावर राहतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा दादा विरारला पूर्वेला, मनवेलपाड्यात. दोघांनीही घरं घेऊन जमाना झाला, वीजबिलं तिकडची, गॅस तिकडचा. मतदारयादीतलं नाव मात्र दोघांचंही गावातच. ते वडिलांचं फर्मान होतं: नाव हलवायचं नाही. फॉर्मांचा मालक मी असूनही ह्या एका फॉर्मला मला हात लावायची परवानगी नव्हती.

त्यामुळे मतदानाचा दिवस हा आमच्याकडे सणच होऊन बसला. गणपतीला वहिनीचं माहेर असायचं, दिवाळीला माझ्या सासुरवाडीचा हक्क लागायचा, पण मतदानाला कुणाचाच दुसरा क्लेम नव्हता. लोकसभा असो, विधानसभा असो, की महापालिका, सकाळी सगळे गावात हजर. शाळा आमच्या आळीच्या तोंडाशीच आहे. ओट्यावर उभं राहिलं की फाटक दिसतं. आई पहाटेपासून चुलीशी: खाडीची कोळंबी, केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. तिचा नियम एकच होता. आधी बोटाची शाई दाखवायची, मग ताट. जावई असो नाहीतर व्याही, शाई नाही तर भाकरी नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना बॉलपेनने बोट रंगवून पंगतीत बसला होता. आईने बोट उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "बोगस हाय, पन वाढा."

वडिलांचाही एक नियम होता. कुणाला दिलं हे विचारायचं नाही. आई आणि वडील मत द्यायला एकत्र निघायचे, वडील चार पावलं पुढे, आई मागे. जन्मभर दोघांनी कुणाकुणाला मतं दिली हे वडील गेले तरी आईला माहीत नाही. "इचारलं नाय, सांगितलं नाय. संसार झाला," ती म्हणते.

आम्ही मात्र शिकलेले. आम्ही विचारलंही आणि सांगितलंही.

मागची लोकसभा झाली तेव्हा दादा आणि मी दोन बाजूंना होतो, आणि दोघांनाही ते वर्षभर आधीपासून ठाऊक होतं, कारण फॅमिली ग्रुपवर आम्ही दुसरं काही टाकतच नव्हतो. तो सकाळी सहाला चालू व्हायचा. मी ऑफिसात पोचलो की उत्तर द्यायचो. माझी उत्तरं विनोदी असायची. विनोदी म्हणजे मला तरी तसं वाटायचं. वहिनी मधे कधीतरी लाडवाचा फोटो टाकायची, त्याला कुणी अंगठाही दाखवायचं नाही. तरी त्या मतदानाला आम्ही सगळे गावात गेलो, शाई दाखवली, जेवलो. दादाने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने कोळंबी वाढली. तोवर सगळं ठीक होतं, किंवा ठीक आहे असं दाखवायची अक्कल तरी शिल्लक होती.

बिघडलं ते निकालाच्या दिवशी. पोरांना सुट्टी होती, म्हणून तेव्हाही सगळे आईकडेच होतो. निकाल असा लागला की दोन्ही बाजू पेढे वाटत होत्या. जिंकलेले नाराज, हरलेले खूश, आणि टीव्हीवर सगळेच ओरडत होते. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतली काकी आईजवळ वाल सोलत बसली होती. आम्हा दोघा भावांना पोहायला तिनेच शिकवलं. आमच्याच विहिरीत, कमरेला केळीचं सुकं खोड बांधून.

एका मतदारसंघाचा आकडा फिरला आणि दादा टीव्हीकडे बघत म्हणाला, "ह्या देशात राहायचं तर देशाच्या बाजूने मत द्यायला शिकलं पाहिजे लोकांनी."

काकीचा हात वालावर थांबला. तो तिला उद्देशून बोलला नव्हता, हे मला आजही मान्य आहे. पण ती खोलीत आहे हे तो विसरला होता, आणि त्याचा मला जास्त राग आला.

मी म्हटलं, "देशाची बाजू कुठली, हे देशाला कळवलंयस का?"

"तुला सगळ्याची थट्टा. बाहेरचे परवडले, घरातलेच असे निघतात. देशद्रोही म्हणतात ह्याला."

"दादा," मी म्हटलं, "तुला देशाने दोनदा तपासून नापास केलंय. आता तू कशाला दुसऱ्यांचे पेपर तपासतोस?"

सगळे हसले. माझा मुलगा हसला, माझी बायको ओठ चावून हसली, आई पदर तोंडाला लावून हसली. दादाची मुलगी हसली आणि म्हणाली, "म्हणजे काय? पप्पा कशात नापास?" कारण तिला माहीतच नव्हतं.

तर ते असं. दादा एकोणीस वर्षांचा असताना सैन्यभरतीला गेला होता. धावण्यात पहिल्या दहात आला, मग पाय तपासले. तळवे सपाट. परत पाठवला. वर्षभर वाळूत चालून, कुणी सांगेल ते तेल चोळून पुन्हा गेला, पुन्हा परत आला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. विहिरीच्या मागे, केळीच्या खोडांत बसून तो रडत होता आणि मी ते पाहिलं. त्याने मला पाहिलं. "कुणाला सांगू नको हां," एवढंच म्हणाला. नापास झाल्याचं घरात सगळ्यांना कळलंच, पण त्यावर बोलायचं नाही हे न ठरवता ठरून गेलं. पुढे तो एका कारखान्यात लागला, माझी फी भरली, मला कागदावर बसता यावं म्हणून स्वतः यंत्रावर उभा राहिला. आणि मी ती गोष्ट एका हशासाठी काढली. हशा मोठा आला, हे कबूल करायला हवं. माझ्या आयुष्यातला तो सर्वात यशस्वी विनोद.

दादा मुलीकडे बघत राहिला. मग उठला, चपला घातल्या, वहिनीला म्हणाला, "चल." चहा तसाच राहिला. काकीही थोड्या वेळाने वाल न घेताच गेली.

तीन दिवसांनी त्याचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "माझं आणि हिचं नाव मनवेलपाड्याच्या यादीत टाकायचं आहे. फॉर्म भर. लाइट बिल पाठवतोय." खाली विजेच्या बिलाचा फोटो. ना हाक, ना शिवी.

मी रात्री जेवून फॉर्म उघडला. दोघांची नावं, जुना पत्ता, नवा पत्ता, बिल जोडलं. सगळं भरून शेवटच्या पानावर आलो. तिथे एक बटण असतं. ते दाबलं की नाव हलतं. बायको मागून बघत होती.

"दाबू नका," ती म्हणाली.

"त्याने सांगितलंय."

"रागात सांगितलंय. पुढच्या मतदानापर्यंत राग राहतोय का?"

मी दाबलं नाही. फॉर्म तसाच ठेवला आणि दादाला कळवलं, "झालं. महिन्याभरात येईल." उत्तर नाही, फक्त वाचल्याच्या दोन निळ्या खुणा.

आता माझ्या डोक्यात काय होतं, ते लिहितो. विधानसभा हिवाळ्यात येणार होती. माझा हिशेब असा की दादा सकाळी मनवेलपाड्याच्या केंद्रावर जाईल. तिथे नाव सापडणार नाही. मत चुकवणाऱ्यातला तो नाही, तापाने फणफणलेला असतानाही रांगेत उभा राहिलाय. मग त्याला गावात यावंच लागेल. शाळा आळीच्या तोंडाशी, घर पुढे पन्नास पावलांवर, वर आईने कोळंबी केलेली. एवढ्यावर आलेला माणूस जेवल्याशिवाय जाईल कसा? मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं: "अरे दादा, सरकारी काम! नाव हललंच नाही वाटतं. आलाच आहेस तर दोन घास खाऊन जा." आंघोळीच्या वेळी म्हणून बघायचो. फारच छान वाटायचं. सगळे शहाणे कट आंघोळीच्या वेळीच शहाणे वाटतात.

मधल्या महिन्यांत वहिनीने एकदा फोन केला. "भावजी, नवीन कार्ड आलं नाही अजून."

"वेळ लागतो, वहिनी."

"हे रोज विचारतात."

"सांगा, साहेब रजेवर आहेत."

ती हसली. मला वाटलं, वितळतंय.

मतदानाच्या दिवशी मी नवापासून शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझं मत देऊन झालं होतं, पण मी जेवायला गेलो नाही. आईला सांगून ठेवलं होतं, "दादा येतोय. सगळ्यांची पानं एकदम मांड." तिने विचारलं, "त्यानं सांगितलं?" मी म्हटलं, "मला माहीत आहे ना."

फाटकापासून लांब दोन्ही पक्षांची टेबलं लागली होती, छत्र्या, याद्या, बिस्किटं. दोन्हीकडे ओळखीचीच पोरं. मी दोन्हीकडचा चहा प्यायलो.

बारा वाजत आले तेव्हा दादाची स्कूटर आली. मागे वहिनी. दादाने हेल्मेट काढलं आणि तो सरळ माझ्यापाशी आला.

"मी सकाळी सातला तिथे रांगेत उभा राहिलो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दीड तास. आत गेलो तर नाव नाही. सगळ्यांसमोर बाजूला काढलं मला. टेबलावरच्या पोराने मोबाईलवर शोधलं. म्हणाला, काका, तुमचं नाव जुन्या गावातच आहे, आणि बदलायचा अर्जच आलेला नाही. आलेलाच नाही म्हणाला."

आता मी काय केलं? पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "अरे दादा, सरकारी काम!"

"तू फॉर्म भरलाच नव्हतास."

"भरला होता. पाठवला नव्हता."

एवढं खरं मी तोवर कधी बोललो नव्हतो, आणि ते बोलायची ती वेळ नव्हती.

"का?" तो म्हणाला. मग माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, "मला माहीत आहे का ते. माझं मत कुणाला जाणार ते तुला माहीत होतं. दोन मतं. माझं आणि हिचं. ती अडवलीस."

"दादा, आईने जेवण—"

"मधे आईला आणू नकोस!"

हे एक वाक्य मोठ्याने निघालं आणि रांग वळली. त्याच्या पक्षाच्या टेबलावरून दोघं उठून आले. "काय झालं काका? नाव उडवलं? बघा, हे असं चालतं! घरातली माणसं नावं अडवतात!" एकाने मोबाईल वर धरला. हवालदार म्हणाला, "चला, चला, इथे गर्दी नको." दादा कुणाला काही न बोलता वहिनीला घेऊन रांगेत लागला.

मी मागे सरकलो, तर माझ्या बाजूच्या टेबलावरचा एक जण, ज्याच्या लग्नात मी जेवून आलोय, माझ्या पाठीवर थाप मारून हळूच म्हणाला, "मानलं तुम्हाला साहेब! सख्ख्या भावाची दोन मतं वेटिंगवर टाकलीत. असे आणखी दहा पाहिजेत आपल्याला."

"तसं नाहीये ते," मी म्हटलं.

"कळलं, कळलं," असं म्हणून त्याने डोळा मारला.

त्या थापेची जागा मला आजही सांगता येईल, उजव्या खांद्याच्या खाली. दादाचा आरोप मी कदाचित झटकला असता. पण ह्या माणसाने मला शाबासकी दिली, आणि ती दोन्ही बाजूंना लगेच पटण्यासारखी होती. कोळंबीसाठी कुणी फॉर्म अडवतं, हे कुणाला खरं वाटणार? मलाच उभ्या उभ्या शंका यायला लागली. त्या रात्री बटणावर बोट असताना, ही दोन मतं तिथे पोचणार नाहीत, एक दिवस तरी त्याला खेटे घालावे लागतील, असं मनात एकदाही आलं नव्हतं का? मी शपथ घ्यायला तयार होतो. पण कशाची घेऊ तेच कळेना.

दादा मत देऊन बाहेर आला. वहिनीने आळीकडे बघितलं. ओट्यावर आई उभी होती, कपाळावर हात धरून, उन्हात. एवढ्या अंतरावरून तिला माणसं ओळखू येत नाहीत, पण स्कूटर ओळखते ती. दादाने स्कूटर चालू केली. वहिनी हळूच म्हणाली, "अहो, आई..." तो म्हणाला, "बस." मग स्कूटर वळली. वहिनीने मागे बसून हात हलवला. आईने बघितला का ते मला माहीत नाही.

मी घरी गेलो. सात पानं मांडलेली होती. माझी बायको, मुलगा, आई. मी तोंड उघडायच्या आत बातमी पोचली होती, कारण मुलाच्या मोबाईलवर तो व्हिडिओ दोन ग्रुपांतून आला होता. एकाच्या खाली लिहिलं होतं, लोकशाहीची हत्या. दुसऱ्याच्या खाली, वाघ आहे वाघ. दोन्हीकडे वाघ किंवा खुनी जो कोण तो मी, आणि पोट सुटलेलं स्पष्ट दिसत होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, सॉरी, पण तुम्ही असं का केलं? चिटिंगच आहे ना ही." तो राजकारणात माझ्याच बाजूचा मतदार आहे, तरी.

आई माझ्यासमोर बसली. ताट वाढलं. मी शाई दाखवली, तिने बघितली नाही.

"धाकल्या, खरं सांग," ती म्हणाली. "त्याचं मत नासवायलाच केलंस?"

"आई, तू पण?"

"मी इचारते. तुमच्या बापानं कदी इचारलं नाय, मी पन नाय इचारलं. आज इचारते."

"नाही गं. तो जेवायला यावा म्हणून."

मी थट्टा करतोय की खरं बोलतोय, हे ती माझ्या तोंडावर शोधत होती. सत्तेचाळीस वर्षं तिला हसवण्यात घालवल्यावर माझा चेहरा कुठल्या वेळी खरा असतो, ते तिलाही कळेनासं झालं असणार. "जेव," ती म्हणाली. उरलेल्या पानांतली कोळंबी तिने पातेल्यात परत घातली.

त्यानंतर दादाने आपलं नाव स्वतः हलवून घेतलं, त्या टेबलावरच्या पोराकडून. चार दिवसांत काम झालं म्हणे. फॅमिली ग्रुपमधून तो निघाला, मग त्याची मुलगी निघाली, शेवटी वहिनी. आता ग्रुपात मी, बायको आणि मुलगा असे तिघं आहोत, आणि आम्ही एकाच घरात राहतो. मी दोनदा मनवेलपाड्याला जाऊन आलो. पहिल्यांदा वहिनीने दारातच पाणी दिलं आणि म्हणाली, "झोपलेत." आतून बातम्यांचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा त्यानेच दार उघडलं, "बोल," म्हणाला, आणि मी दारातूनच परत फिरलो. हसू येईल असं काही सुचत होतं, आणि तेच बोलायचं नाही एवढं मात्र मी शिकलो होतो. काकी आईकडे येते, पण टीव्ही बंद असेल तर.

महापालिकेचं मतदान जवळ आलं, तशी मी एका रविवारी आईकडे गेलो. म्हटलं, कोळंबी थोडीच कर, चौघांपुरती. ती केळीची सुकी पानं बांधायच्या दोऱ्यांसाठी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "माजं नाव काढून टाक."

"कुठून?"

"यादीतून."

"आणि टाकू कुठे? माझ्याकडे बोळिंजला?"

"कुटंच नको. नुसतं काढ."

मी फॉर्मवाला माणूस. तोंडातून आपोआप निघालं, "तसं होत नाही, आई. नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं. माणूस दुसरीकडे राहायला गेला, नाहीतर वारला."

तिने हातातलं पान बाजूला ठेवलं, दुसरं ओढलं.

"मग लिव त्यातलं काय ते," ती म्हणाली.